अनिटा ब्लेकची नोकरी सुटली तेव्हा

सेंट लुइस शहरातल्या एका कचेरीत अशील आलाय. अंगात भडक चौकटींचा कोट, खाली हिरवी पँट. विली मॅकॉय जिवंत होता तेव्हा किरकोळ गुंड होता. आता तो मेलाय, व्हॅम्पायर झालाय, तरी किरकोळच राहिलाय. मरणानंतर त्याला साधी कपड्यांची अक्कलही आलेली नाही. टेबलापलीकडे बसलेल्या अनिटा ब्लेककडून त्याला एक तपास करून हवा आहे. शहरात कुणीतरी व्हॅम्पायरांचे मुडदे पाडतंय, तो कोण ते शोधायचं. अनिटा नाही म्हणते. व्हॅम्पायरांची कामं ती घेत नाही, कारण सरकारी हुकूम हातात आला की त्यांनाच ठार मारणं हे तिच्या पोटापाण्याचं काम आहे.

लॉरेल के. हॅमिल्टन या अमेरिकन लेखिकेच्या ‘गिल्टी प्लेझर्स’ची ही सुरुवात. पुस्तक १९९३चं. ‘बफी’ टीव्हीवर यायला अजून चार वर्षं होती आणि ‘ट्वायलाइट’ दुकानात यायला बारा. आजच्या शहरात, आजच्या कायद्यात आणि आजच्या वाहतुकीच्या गर्दीत भुतंखेतं आणून सोडायची, या ‘अर्बन फँटसी’ नावाच्या प्रकाराला हॅमिल्टन यांच्याआधी चार्ल्स डी लिंट आणि एमा बुल यांनी सुरुवात करून दिली होती. पण त्यात पिस्तूल, खून, पोलिसी तपास आणि तिखट जिभेची नायिका आणून तो हजारो वाचकांच्या उशाशी पोचवला तो अनिटा ब्लेकने. २०२३ पर्यंत या मालिकेची ३० पुस्तकं झाली. त्यातली पहिली नऊ हातातून सुटत नाहीत. दहाव्यापासून पुढची बरीचशी हातात धरवत नाहीत. एखाद्या मालिकेला इतक्या ठळक ठिकाणी तडा गेल्याची उदाहरणं फार नाहीत, आणि तो का गेला याचं जे कारण सहसा सांगितलं जातं ते अर्धवट आहे.

आधी ती नऊ पुस्तकं चांगली का होती ते पाहायला हवं. हॅमिल्टन यांनी कल्पिलेल्या अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲडिसन विरुद्ध क्लार्क’ या खटल्यात व्हॅम्पायरांना कायदेशीर अस्तित्व बहाल केलं आहे. त्या निकालाला पहिल्या पुस्तकात जेमतेम दोन वर्षं झालीत, आणि गंमत त्या ‘दोन वर्षां’तच आहे. कायदा झालाय, सवय झालेली नाही. व्हॅम्पायरांचे क्लब निघालेत, त्यांचं स्वतःचं चर्चसुद्धा निघालंय, पोलिसांकडे अशा भानगडींसाठी खास पथक स्थापन झालंय, आणि त्या पथकात पाठवणं ही शिक्षाच मानली जाते. अनिटाचा मुख्य धंदा मात्र मुडदे उठवण्याचा. मृत्युपत्रावरून वारस भांडायला लागले की ती रात्री कबरस्तानात जाते, कोंबडी किंवा बकरी कापते, मृताला उठवते आणि वकिलांच्या साक्षीने त्याला विचारते की बाबा रे, इस्टेट नक्की कुणाला द्यायची होती? तिचा मालक बर्ट वॉन हा पैशाला हपापलेला माणूस. अंगावरचे रक्ताचे डाग वाळायच्या आत तो तिला पुढच्या अशिलाकडे पिटाळतो. पोपने असा धंदा करणाऱ्या सगळ्यांना धर्मबाह्य ठरवल्यामुळे कॅथलिक घरात वाढलेली अनिटा एपिस्कोपल चर्चमध्ये जाते. घरी तिने खेळण्यातल्या पेंग्विनांचा संग्रह केला आहे. (खुनाच्या जागेवरून परतलेली बाई पेंग्विन कवटाळून झोपते, हा तपशील एखाद्या कमी धीट लेखकाने कापून टाकला असता.)

दुसरं पुस्तक ‘द लाफिंग कॉर्प्स’, १९९४चं. हॅरॉल्ड गेनर नावाचा धनाढ्य माणूस अनिटाला बोलावून घेतो आणि दहा लाख डॉलर देऊ करतो. काम एकच, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला उठवायचं. या धंद्याचा नियम असा की मुडदा जितका जुना तितका बळी मोठा. ताज्या मयताला कोंबडी पुरते, जुन्याला बकरी लागते, आणि इतक्या जुन्याला माणूस. धंद्यातली मंडळी त्याला ‘पांढरी बकरी’ म्हणतात. अनिटा उठून चालू लागते. पुढचं सगळं पुस्तक या एका नकाराची किंमत वसूल करत राहतं. गेनर तिचा पिच्छा सोडत नाही. डोमिंगा साल्वाडोर ही तिच्याच विद्येत तिच्याहून मुरलेली बाई आडवी येते. जी गोष्ट करायची नाही म्हणून अनिटा निघून आली होती, ती करण्याची क्षमता आपल्यात आहे हे तिला स्वतःलाच टाळता येत नाही. जादू आहे, पण तिला भाव आहे, आणि तो भाव न परवडणारी नायिका आहे. उत्तम रहस्यकथेला याहून जास्त काही लागत नाही.

या मालिकेचं काय बिघडलं, असं कुणाही जुन्या वाचकाला विचारा, उत्तर तयार असतं: शृंगार फार झाला. ते खोटं नाही. पहिल्या पाच पुस्तकांत अनिटा कुणाच्याही शय्येवर जात नाही. शहरातल्या व्हॅम्पायरांचा राजा झालेला झाँ-क्लोद आणि शाळेत विज्ञान शिकवणारा, पौर्णिमेला लांडगा होणारा रिचर्ड झीमन हे दोघं तिच्या मागे आहेत, आणि ती दोघांनाही झुलवत असते. १९९७च्या ‘द किलिंग डान्स’ या सहाव्या पुस्तकात ती झाँ-क्लोदकडे जाते. तेव्हा वाचकांनी काही पुस्तकं फेकून दिली नाहीत. उलट पाच पुस्तकांची ताणलेली दोरी योग्य जागी सुटली, असंच बहुतेकांना वाटलं. शृंगारानेच मालिका बुडायची तर ती तिथेच बुडायला हवी होती.

हॅमिल्टन यांचंच दुसरं उदाहरण घ्या. २००० साली त्यांनी मेरेडिथ जेंट्री या परी-राजकन्येची वेगळी मालिका सुरू केली. तिथे शय्यागृह पहिल्या पुस्तकापासून उघडंच आहे, कारण गोष्टच तशी आहे. राजगादी हवी असेल तर मेरेडिथला प्रतिस्पर्ध्याच्या आधी मूल व्हायला हवं. म्हणजे प्रत्येक प्रियकर हा राजकारणातला डाव. ज्यांना असलं वाचायचं नव्हतं त्यांनी पहिल्या पुस्तकालाच हात जोडले, ज्यांना वाचायचं होतं त्यांनी वाचलं. तिथे आपली फसवणूक झाल्याची भावना वाचकांत नाही.

अनिटाच्या बाबतीत ती झाली ती २००१ मध्ये, ‘नार्सिसस इन चेन्स’मध्ये. त्याच्या आधीचं, २००० सालचं ‘ऑब्सिडियन बटरफ्लाय’ हे मालिकेतलं सगळ्यात कडक पुस्तक. दोन्ही प्रियकर सेंट लुइसला ठेवून अनिटा न्यू मेक्सिकोत एडवर्डच्या मदतीला जाते. हा एडवर्ड भाडोत्री मारेकरी, तिचा मित्र आणि तिला मारू शकेल असा एकमेव माणूस. तिथे जिवंत माणसांची कातडी सोलणारं काहीतरी मोकाट सुटलंय. त्याहून भीतीदायक म्हणजे एडवर्डने चक्क संसार थाटायला घेतलाय. एका विधवेशी लग्न ठरवलंय आणि तिच्या मुलांचा बाप व्हायला निघालाय. या निर्दय माणसाला कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला पाहून अनिटाची जी गाळण उडते, ती कुठल्याही राक्षसाने उडवलेली नाही.

आणि मग पुढच्याच पुस्तकात तिला ‘आर्दर’ नावाची शक्ती जडते. झाँ-क्लोदकडून आलेली ही एक भूक. दिवसातून अनेकदा शरीरसुख मिळालं नाही तर ती आणि तिच्याशी बांधलेली माणसं धोक्यात येतात. मिका नावाचा बिबळ्यामानव याच पुस्तकात येतो आणि ओळखपाळख होण्याआधीच तिच्या आयुष्यात कायमचा मुक्काम ठोकतो. नीट पाहिलं तर इथे घात शृंगाराने केलेला नाही. पात्राकडून निवड काढून घेतली गेली, घात त्याने केला. दहा लाख डॉलरला नाही म्हणणारी बाई हे या मालिकेचं भांडवल होतं. तिला आता नाही म्हणताच येत नाही. नाही म्हटलं तर कुणीतरी मरेल, अशी सोय लेखिकेने करून ठेवली आहे. शिवाय प्रत्येक शय्यादृश्यानंतर अनिटाच्या अंगी एखादी नवी शक्ती येते. लांडगा, बिबळ्या, सिंह, वाघ असे नाना वाण ती अंगात बाळगते, पण स्वतः जनावर व्हायची वेळ तिच्यावर येत नाही. आधी जादूची किंमत मोजावी लागत असे, आता जादूच बक्षीस म्हणून मिळते. एकाच प्रसंगात अडचणही आणि तिचं उत्तरही, मग कथानकाला काम काय उरलं?

२००४च्या ‘इनक्युबस ड्रीम्स’मध्ये ते उघडंच पडलं. पहिलं पुस्तक तीनशे पानांच्या आतलं, हे सहाशेच्या पुढचं. सुरुवातीला एक खून होतो, व्हॅम्पायरांची एक टोळी सलग बळी घेतेय असं दिसतं, डॉल्फ आणि झर्ब्राउस्की हे जुने पोलीस येतात, आणि वाचक सरसावून बसतो. मग शेकडो पानं अनिटा कुणाबरोबर, कुठे आणि त्याबद्दल कुणाला काय वाटतं याची चर्चा चालते. या चर्चा शय्यादृश्यांपेक्षा कंटाळवाण्या आहेत. तपास मधूनमधून आठवण झाल्यासारखा डोकं वर काढतो आणि शेवटी सूत्रधार निसटून जातो. त्या व्हित्तोरिओचा हिशेब लागला तो २००९च्या ‘स्किन ट्रेड’मध्ये, लास व्हेगासला. ज्याने खुनाचा छडा लागेल म्हणून २००४ साली पुस्तक विकत घेतलं, त्याला उत्तरासाठी पाच वर्षं थांबावं लागलं आणि मधली पुस्तकंही घ्यावी लागली.

याच काळात अनिटाची नोकरी नाहीशी झाली. तिने राजीनामा दिला नाही, बर्टने तिला काढलंही नाही. ती फक्त पानांतून दिसेनाशी झाली. कबरस्तान, कोंबड्या, भांडखोर वारस, सगळं विरत गेलं. त्यांच्याबरोबर सेंट लुइसही गेलं. शहर म्हणून उरले ते काही क्लब आणि काही शयनगृहं, जी अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात असू शकली असती. अर्बन फँटसीतलं शहर काही देखावा म्हणून नसतं. रात्रीच्या राक्षसाला सकाळच्या हजेरीपत्रकाशी, वॉरंटशी, भाड्याशी टक्कर घ्यायला लावायची, हे त्याचं काम. ती टक्कर संपली की उरतात नुसतेच देखणे, अमर आणि रिकामटेकडे लोक.

अजून एक गोष्ट वाचकांना जास्त झोंबली असावी. पुढच्या पुस्तकांत अनिटाला विरोध करणारं प्रत्येक पात्र खुजं होत गेलं. रॉनी सिम्स ही तिची जिवाभावाची मैत्रीण, खासगी गुप्तहेर. दोघी बरोबर व्यायामाला जायच्या, गोळीबाराचा सराव करायच्या. हीच रॉनी पुढे मत्सराने धुमसणारी बाई झाली. रिचर्ड किरकिरा झाला. शांत, धिप्पाड डॉल्फ आक्रस्ताळा झाला. अनिटाच्या जगण्यावर ज्यांचा आक्षेप, ते सगळे कोते, भित्रे किंवा जळकुटे. पुस्तकाबाहेरच्या वाचकाचाही आक्षेप नेमका तोच होता, त्यामुळे आपल्यालाही त्याच रांगेत उभं केलंय हे त्याला न कळण्याचं कारण नव्हतं. २००६ साली हॅमिल्टन यांनी नाराज वाचकांना उद्देशून जाहीरपणे लिहिलंही. आवडत नसेल तर वाचू नका, आयुष्य लहान आहे, दुसरी पुष्कळ पुस्तकं आहेत, असा त्याचा आशय. सल्ला म्हणून तो शंभर टक्के बरोबर आहे. पण वाचक तक्रार करत होते ती त्यांना अजून वाचायचं होतं म्हणून. ज्याला घेणंदेणं उरलं नव्हतं तो केव्हाच गप्प बसला होता.

वाचकांची प्रत्येक तक्रार अशी रास्त असते असं मात्र नाही. शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेचं पाहा. २००१चं ‘डेड अंटिल डार्क’ ते २०१३चं ‘डेड एव्हर आफ्टर’, अशी १३ पुस्तकं. मनातलं ऐकू येणारी ही वेट्रेस लुइझियानाच्या एका गावंढ्या गावात राहते. (बोन टेम्प्सला शहर म्हणणं म्हणजे कमालच, पण प्रकाराचं नाव काही बदलत नाही.) ‘ट्रू ब्लड’ ही टीव्ही मालिका तिच्यावरूनच निघाली. शेवटचं पुस्तक येण्याआधी त्याची एक प्रत जर्मनीत बाहेर पडली आणि सूकी कुठल्या पुरुषाची निवड करते ते फुटलं. व्हॅम्पायरांपैकी कुणाला एरिक हवा होता, कुणाला बिल. ती वळली तिच्या बारमालकाकडे, सॅमकडे. हॅरिस यांना शिव्याशाप तर मिळालेच, धमक्याही आल्या. आता सॅम हा मालिकेच्या पहिल्या पानांपासून आसपास होता, सूकीला ऊन आवडतं, मुलंबाळं हवीत, हे हॅरिस यांनी बारा पुस्तकं सांगितलं होतं. शेवट पचला नाही हा वाचकाच्या आवडीचा प्रश्न. त्या मालिकेचा उत्तरार्ध ढिला झाला, पऱ्यांच्या भांडणांनी बोजड झाला, ही तक्रार वेगळी आणि खरी. पण संतापाच्या गदारोळात तिच्याकडे बघायला फुरसत कुणाला होती? नायिकेने माझ्या मनासारखं केलं नाही आणि लेखिकेने नायिकेला काही करूच दिलं नाही, या दोन तक्रारी एका तराजूत घालता येत नाहीत.

नोकरी काढून घेऊनही मालिका जगते, याचा दाखला जिम बुचर यांचा. २०००च्या ‘स्टॉर्म फ्रंट’मधला हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत ‘जादूगार’ म्हणून नोंदलेला एकमेव माणूस. कचेरीचं भाडं थकलेलं, जुनी फोक्सवॅगन रस्त्यात बंद पडणारी. २०१०च्या ‘चेंजेस’मध्ये बुचर यांनी कचेरी उडवली, गाडी चेपली, घर जाळलं, आणि हे सगळं एकाच पुस्तकात. प्रत्येक वस्तू जाताना वाचकाला लागली, कारण अकरा पुस्तकं ती वापरात होती. नोकरी गमावणं हीच त्या पुस्तकाची गोष्ट होती. पुढे मालिका मोठमोठ्या लढायांकडे वळली. सहा वर्षांच्या खंडानंतर २०२० मध्ये एका कादंबरीची दोन पुस्तकं करून ती आली, आणि त्यातलं ‘बॅटल ग्राउंड’ म्हणजे जवळजवळ एका रात्रीचं युद्ध. हॅरीची जुनी सोबतीण करिन मर्फी हिचा मृत्यूही त्यातच. ते पुस्तक सगळ्यांना आवडलं नाही, पण हॅरीने काय गमावलं याची नोंद लेखकाने चोख ठेवली आहे.

मराठी वाचकाला लांबलचक मालिकांचं नवल नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड पिढ्यांनी वाचले. पण तिथला हिशेब दर पुस्तकाला नव्याने सुरू व्हायचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वर्षानुवर्षं शाळकरी पोरगाच राहिला, आणि तो मोठा का होत नाही अशी तक्रार कुणी केली नाही. असं पात्र बिघडत नाही, कारण ते बदलत नाही. अमेरिकन मालिकांनी नव्वदच्या दशकात दुसरा रस्ता धरला. पात्राचं वय वाढवा, प्रेम बदला, जखमा लक्षात ठेवा. वाचक त्यात जास्त गुंततो, आणि म्हणूनच चूक झाली की ती पुढच्या पुस्तकात पुसता येत नाही. ‘आर्दर’ एकदा आली ती आलीच.

प्रकाशकाच्या बाजूने पाहिलं तर थांबायला कारणही नसतं. नवं पुस्तक आलं की दुकानदार जुनी पुन्हा मांडतो, म्हणजे एका पुस्तकाच्या जाहिरातीवर वीस पुस्तकं विकली जातात. लेखकाच्या नुसत्या नावावर माल खपू लागला की कात्री चालवणाऱ्या संपादकाचा आवाज बारीक होत असावा. तीनशेच्या आतून सहाशेच्या पुढे गेलेली पानसंख्या याहून वेगळं काय सांगते? नायकाची नोकरी हरवू न देण्याची सोय मात्र सुरुवातीलाच करून ठेवता येते. लंडनच्या बेन अॅरोनोविच यांनी २०११ मध्ये ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ लिहिताना नायकाला पोलीस हवालदारच केलं. त्यामुळे टेम्स नदीच्या देवतेशी बोलणी केली तरी त्याला चौकीत येऊन अहवाल लिहावा लागतो. त्याही मालिकेतली सगळी पुस्तकं सारख्या ताकदीची नाहीत, पण त्यात लंडन मात्र कधी हरवत नाही.

अनिटाच्या मालिकेतलं तिसावं पुस्तक, ‘स्ले’, २०२३ मध्ये आलं. झाँ-क्लोदशी तिचं लग्न ठरलंय आणि तिच्या माहेरची कर्मठ कॅथलिक मंडळी नवरदेवाला बघायला सेंट लुइसला आली आहेत. व्हॅम्पायर म्हणजे सैतान, यावर त्यांची श्रद्धा आहे. लेकीला बोहल्यापर्यंत सोबत करायची तर बापाला आधी स्वतःच्या धर्माशी भांडावं लागणार. कायद्याने माणूस ठरलेला जावई सासऱ्याला मान्य नाही, हा पेच थेट १९९३च्या पुस्तकाच्या जातकुळीतला, विली मॅकॉयच्या चौकटींच्या कोटाच्या शेजारी शोभून दिसावा असा. तो ‘नार्सिसस इन चेन्स’च्या जागी आला असता तर दहाव्या पुस्तकाशीच वाट सोडून गेलेले कितीतरी वाचक तिसाव्यापर्यंत टिकले असते.